गुदैबियातली साळू

बहारीनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि गरम वाफ तोंडावर आली. दिनू, माझा धाकटा भाऊ, तुबलीतल्या गॅरेजच्या कामावरून थेट न्यायला आला होता. कशी आहेस, प्रवास कसा झाला, काही नाही! “ताई, साळू चार दिवस जेवली नाही. तू सायन्सची बाई, तूच बघ.”

साळू म्हणजे माझ्या भाचीनं, दिनूच्या रियानं, पाळलेलं जनावर. त्यांच्या गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये शिरले तर एसी असा, की बॅगेतून शाल काढावी लागली. खोक्यात मोसंब्याएवढा काटेरी गोळा. शेजारी रताळ्याच्या फोडी.

माझं डोकंच फिरलं. “अरे गाढवा, हे साळिंदर नाही! आफ्रिकेतला काटेचुवा आहे, हेजहॉग. हा किडे खातो, किडे! आणि एवढ्या थंडीत गारठून पडला तर उठायचा नाही.”

“बट आत्या, शॉपवाला सेड ही ईट्स एव्हरीथिंग,” रिया रडवेली झाली.

तशीच चपला घालून खालच्या त्या प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार हसत म्हणाला, “मर गया तो दूसरा ले लो मॅडम, यल्ला (चला)!” अस्सा संताप आला! “जीव आहे तो, खेळणं नाही!” मी भर दुकानात मराठीतच झापलं त्याला. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या अळ्या घेऊनच निघाले.

एसी बंद केला, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली. तासाभरानं टोकदार नाक बाहेर आलं. दोन अळ्या कुरकुर चावल्या, मग तोंडाला आणलेला फेस साळू स्वतःच्याच काट्यांना फासायला लागली.

“पिसाळली!” दिनू मागे सरला.

“नवा वास आला की असंच करतात हे. साळिंदर म्हणे! कुठल्या मूर्खानं सांगितलं तुला?”

रियानं फोन पुढे केला. त्यातून माझाच आवाज आला, “अगं, साळिंदर ते! रताळी घाल, आवडीनं खातं.” रियानं धाडलेला फोटो पोळ्या लाटताना, चष्म्याविना बघून पाठवलेला निरोप. साळू हे नावही त्यावरूनच ठेवलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती हललीच नाही. “खलास (संपलं),” दिनू पुटपुटला.

निघताना रियाला म्हटलं, “तो निरोप पुसून टाक गं.”

“नाही, आत्या,” ती म्हणाली. माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत.

घरी येऊन आठवडा झाला. त्या दुकानदाराला मी गल्लीभर ऐकवलं. मला मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही. बोलायला हवं होतं.