मिलोचा जास्तीचा अर्धा पौंड

चूक मिलो वोपाटची स्वतःचीच होती. कॉलेजातली त्याची शेवटची कुस्ती, दीडशे पौंडांच्या गटातली, आणि काट्यावर उभं राहायच्या आधी गड्याने अल्बिनामावशीच्या हातचे तीन कोलाचे हाणले. खसखशीचं सारण भरलेला हा गोड पाव पुढे आला की प्रोव्होडा गावात वाढलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही. नको म्हटलं की चौकशी सुरू होते: पोट बिघडलं, की पोरगी सोडून गेली?

त्या दिवशी अख्खं प्रोव्होडा शाळेची बस भरून कॉलेजात आलं होतं. वेळेवर पोचणं म्हणजे उशीर असं मानणारी ही माणसं, त्यामुळे पहिलवानांचं वजन व्हायच्या आधीच डबे उघडले गेले.

"अर्धा पौंड जास्त," काट्याकडे बघत कुस्तीचे थोर्सन सर म्हणाले. "तासाभरात उतरव. नाहीतर कुस्ती नाही, गुण फुकट त्यांना. एवढं गाव काय तुझा चेहरा बघायला आलंय?"

"तो त्यांनी पाहिलाय, सर."

मिलोचे वडील, रुडी, गावच्या धान्यकोठारावर कामाला. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. त्यांनी पोराला ट्रकमध्ये बसवलं, काचा लावल्या, गरम हवा पूर्ण सोडली आणि अंगावर दोन कोट चढवले. वर मावशीचाही, फरची कॉलर असलेला. स्वतःही शेजारी बसून घामाघूम होत राहिले.

"जुलैत कोठारात फावडं मारायचास, तेव्हा कुरकुर नव्हती तुझी."

"होती, बाबा. यंत्राच्या आवाजात तुम्हाला ऐकू येत नव्हती."

रुडी हसले. दिवसाचा कोटा कधीच संपला होता, तरी म्हणाले, "येत होती."

काचेबाहेर मावशी दिसेल त्याला सांगत होती, "मी दोनच दिले. तिसरा त्याने आपल्या हाताने उचलला."

मिलो पुन्हा काट्यावर उभा राहिला. किंचितच जास्त भरला, पण किंचितला काटा ओळखत नाही. अंगावरचे कपडे आधीच उतरले होते. आता उतरवायला उरलं होतं काय?

"केस," मागून आवाज आला.

एमिल झाब्का, गावचा न्हावी. लग्नाला गेला तरी हत्यारांची पेटी गाडीत ठेवणारा. त्या काळच्या पोरांसारखे मिलोचे केस खांद्यावर रुळत होते, आणि सुट्टीत तो घरी आला की एमिल दुकानाच्या दारातून त्यांच्याकडे उपाशी माणसासारखा बघायचा.

"चार वर्षं वाट बघतोय मी," पहिली बट कापत तो म्हणाला.

"पैसे किती घेणार, एमिलकाका?"

"पैसे नकोत. सुगीच्या नाचात माझ्या बहिणीबरोबर एक पोल्का नाचायचा. लुडमिलाच्या वेगाला कुणी टिकत नाही, बिचारी खुर्चीवर बसून पाय आपटत असते."

"नाचेन," मिलो म्हणाला. गळ्याजवळ वस्तरा असला की माणूस कशालाही हो म्हणतो.

डोकं गुळगुळीत झालं. काटा दीडशेवर येऊन थांबला, जरा डळमळला, आणि थांबलाच. थोर्सन सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. स्वतःचं.

गादीवर समोरच्या गड्याने मिलोची मान दोनदा काखेत धरली. दोन्ही वेळा ते घामेजलेलं डोकं ओल्या साबणासारखं निसटलं. दुसऱ्यांदा निसटला तो थेट मागे गेला, कमरेला मिठी घातली आणि गड्याला खाली घेतला. एका गुणाने जिंकला. प्रोव्होडाची माणसं टाळ्या वाजवत नाहीत, फळ्यांवर पाय आपटतात. त्या दिवशी बाकड्यांची एक रांगच मोडली. रुडींनी ती माणसं उतरेपर्यंत धरून ठेवली आणि मग सुतारासारखी तपासली.

मिलो पुढे प्रोव्होडाच्याच शाळेत मास्तर झाला आणि पोरांना कुस्ती शिकवू लागला. वजनाच्या दिवशी तो स्वतः दाराशी उभा राहतो आणि आयांचे डबे काढून घेतो. "मास्तर, पोर उपाशी आहे हो," असं म्हणणारीला तो म्हणतो, "वजन होऊ दे, मग तुम्हाला आवरणार नाही एवढं खाईल." मधल्या वेळात डबे तो राखतो. कसे राखतो, ते त्याच्या पोटाकडे बघून कळतं.

सुगीचा नाच दरवर्षी होतो. बाजा सुरू झाला की मिलोला नेमकं गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवतं. लुडमिला आता सत्तरीची आहे आणि वेग तोच आहे. यंदा ती त्याच्या वाटेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तुझी सवड होईपर्यंत मी काही मरत नाही, मिलो."

"पुढच्या वर्षी, लुडमिलाबाई," मिलो म्हणाला, आणि मागच्या दाराने गाडीकडे गेला.