खाऱ्या पाण्याचा पाहुणा

नकार देणे मला आयुष्यात फारसे जमले नाही. आमच्या घरी समुद्रातला मासा आला तो केवळ त्यामुळे.

आमची बँक आणि रस्त्यापलीकडची बँक यांचे विलीनीकरण झाले तेव्हाची ही गोष्ट. ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात दोन्ही बँकांच्या शाखा समोरासमोर होत्या. वर्षानुवर्षे एकमेकींचे ग्राहक पळवण्यात धन्यता मानणाऱ्या त्या दोन शाखा एका सकाळी एकाच नावाच्या फलकाखाली आल्या, आणि एका रस्त्यावर दोन दारे कशाला उघडी ठेवायची, असा प्रश्न वरच्यांना पडला. त्याचे उत्तर समोरच्या शाखेच्या व्यवस्थापकांची बदली असे निघाले. हे गृहस्थ मूळचे कोकणातले. ग्वाल्हेरच्या रखरखाटात दिवस काढताना त्यांनी आपल्या भाड्याच्या घरात खाऱ्या पाण्याची एक लहानशी काचेची टाकी थाटली होती. बदलीच्या गावी घर मिळेपर्यंत त्यांना बँकेच्या अतिथिगृहात राहावे लागणार होते आणि तेथे टाकीला मज्जाव होता.

"तुमच्याकडे ठेवतो," ते मला म्हणाले. "दिवाळीच्या आत येऊन घेऊन जातो. बाकीचे मासे दिले मी, हा एकच उरलाय. ब्लेनी. बोटाएवढा आहे हो, काही त्रास नाही त्याचा."

मी "बघतो" म्हणालो आणि संध्याकाळी ते टेम्पो घेऊन दर्पण कॉलनीतल्या आमच्या फाटकाशी उभे राहिले. टाकी, पंप, दिवा, खडकाचा एक ओबडधोबड तुकडा आणि त्या खडकाच्या भोकात दडून बसलेला तो मासा, असा सगळा संसार आमच्या जेवणाच्या खोलीत मांडून झाल्यावर निघताना ते म्हणाले, "तेवढा जिवंत ठेवा. घरी गेल्यावर बोलायला मला तेवढाच आहे." हे त्यांनी हसत सांगितले. परंतु पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहतात, हे मला ठाऊक होते, आणि त्या हसण्याने माझ्यावर जे ओझे टाकले ते टाकीपेक्षा कितीतरी जड होते.

आमचे घर शाकाहारी. पूर्वज दरबारी दफ्तरात होते आणि घरातले सोवळेओवळे आईच्या रूपाने अद्याप शिल्लक होते. पत्नी किला गेटजवळच्या एका हिंदी शाळेत शिकवते. ती शाळेतून आली आणि टाकीसमोर उभी राहिली.

"अहो, आपल्याकडे मछली? लोग क्या कहेंगे?"

मला वाटले, आता आई तिची बाजू घेईल आणि माझी सुटका होईल. आईने चष्मा सारखा केला.

"खायला आणलाय का?"

"नाही."

"मग पाहुणाच झाला की. राहू दे."

पाहुणा म्हणून ब्लेनीसारखा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. त्याला खवले नव्हते, रंग मळक्या चिखलाचा, आणि डोळ्यांवर भुवयांसारखे दोन तुरे. तो फारसा पोहतही नसे. पुढच्या परांवर रेलून खडकावर बसून राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेने पाही की, आपण त्याच्याच घरी आगंतुक आलो आहोत असे वाटावे. मी जवळ गेलो की शेपटीकडून मागे सरकत भोकात शिरे आणि केवळ तोंड बाहेर ठेवी. पत्नी म्हणे, "अगदी तुमच्यासारखा. कोणी आलं की आतल्या खोलीत." खाणे म्हणजे काचेवर साचलेले हिरवे शेवाळ. ते तो जाड ओठांनी खरवडून काढी आणि काचेवर जागोजागी ओठांचे वाटोळे ठसे उमटत. ते ठसे दिसले की तो बरा आहे असे समजायचे, एवढे त्याच्या मालकांनी मला सांगितले होते.

दुसरी गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली होती ती मिठाची. टाकीतले पाणी उडून जाते, पण त्यातले मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेले पाणी रोज भरायचे ते साधे, गाळलेले. मीठ अजिबात घालायचे नाही. खारेपणा मोजायला एक प्लास्टिकची डबी होती. तीत पाणी भरले की आतला काटा वर चढे, आणि तो एका हिरव्या पट्ट्यात राहिला पाहिजे असा नियम होता. मी नियम पाळणारा मनुष्य आहे. रोज सकाळी साधे पाणी घाली आणि दर रविवारी काटा पाही.

उन्हाळ्यात मात्र माझा संयम पणाला लागला. लूच्या गरम झळा सुरू झाल्या, घरात कूलर अहोरात्र घुमू लागला, आणि टाकीतले पाणी डोळ्यांदेखत खाली उतरू लागले. ते थंड राहावे म्हणून बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या मी त्यात तरंगवत असे. फ्रीजमधल्या बर्फावरून माझा आणि पत्नीच्या सरबताचा झगडा चाले. वीज गेली की पंप बंद पडे आणि मी बँकेतून फोन करून इन्व्हर्टर चालू आहे ना, असे विचारी. "इन्व्हर्टरवर पंखा चालवू की तुमचा पाहुणा चालवू?" असा पत्नीचा प्रश्न येई.

हे सारे सोसता आले असते. परंतु पावसाळा लागला, पाणी उडणे कमी झाले, आणि तरीही काटा हिरव्या पट्ट्याच्या वर जाऊ लागला. मी थोडे खारे पाणी काढून त्या जागी साधे पाणी घातले. काटा खाली आला. पुढच्या रविवारी पुन्हा वर. असे पुनःपुन्हा झाले. मी डबी बिघडली असे मानून नवी मागवली. तिनेही तेच सांगितले. मी नळाचे पाणी, गाळणीचे पाणी, विकतचे पाणी, सारे तपासले. पत्नी टाकीजवळून गेली की मी वर पाहत असे. कामवाली पुसायला आली की मी वर्तमानपत्र घेऊन तेथेच बसत असे. बाहेर एक अक्षर बोललो नाही, कारण संशय बोलून दाखवणे हे मला संशय घेण्याहून अधिक कठीण वाटते.

इकडे मासा खंगत चालला. खडकाच्या भोकातून बाहेर येईना, कल्ले भराभर हलत, पोट आत गेले. काचेवर शेवाळ माजले आणि त्यावर ठसा एकही दिसेना. दर रविवारी कोकणी व्यवस्थापकांचा फोन येई.

"काय म्हणतोय आमचा माणूस?"

"ठीक आहे," मी म्हणे.

"काच खरवडतो ना?"

"हो, म्हणजे, पावसामुळे जरा सुस्त आहे."

पावसाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. तो बिचारा पाण्यातच राहत होता. पण तेही समजुतीने "असेल, असेल" म्हणत. फोन ठेवल्यावर मला वाटे, दिवाळीत हा माणूस दारात उभा राहील आणि मी त्याच्या हातात रिकामी टाकी ठेवीन.

श्रावणातल्या एका शनिवारी दोन्ही बँकांच्या संगणकांचे एकत्रीकरण ठरले होते. ग्राहकांना दार बंद करून आम्ही सगळे पडद्यांसमोर बसलो. पडद्यांनी मान टाकली. दूरच्या शहरातून कोणीतरी "थांबा" म्हणाले, मग "घरी जा" म्हणाले. ऐन दुपारी मी घरी पोहोचलो. पत्नीची शाळा अर्ध्या दिवसाची होती. ती हात धूत होती. आई पाने घेत होती.

पान वाढताना पहिले मीठ, हा आमच्या घराचा रिवाज. ताट रिकामे असताना वरच्या बाजूला मीठ पडते, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि भात सर्वांत शेवटी. आईने दोन ताटांत मीठ वाढले. मग बरणी आणि चमचा घेऊन ती टाकीपाशी गेली, झाकण किंचित उचलले, भरला चमचा आत रिता केला आणि म्हणाली, "घ्या हो."

"आई!"

ती दचकली नाही. "आलास? बरं झालं. हात धू, तुझंही पान घेते."

"तू त्यात काय घातलंस?"

"मीठ. दुसरं काय चालतं त्याला?"

"रोज घालतेस?"

"म्हणजे काय? आपण रोज जेवत नाही का?"

"दोन्ही वेळा?" पत्नीने ओल्या हातांनीच विचारले.

"दोन्ही वेळा. तुम्ही पानावर यायच्या आधी, पाहुण्याचं पहिलं. एकादशीला सैंधव. उपासाला साधं मीठ कसं चालेल?"

पत्नी खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "हे भगवान! आणि हे इतके दिवस माझ्यावर शक करून राहिलेत! मी टाकीजवळून गेले की यांची मान वर!"

मला हसू येत नव्हते. मी म्हणालो, "आई, त्याला मीठ घालायचं नसतं गं. मी रोज साधं पाणी घालतो ते उगीच का?"

"तेच तर! रोज सकाळी त्याला अळणी पाणी पाजतोस, मी बघत नाही का? समुद्रातला जीव तो. उन्हाळाभर बघितलं, मग म्हटलं, याला कळत नाही, आपण तरी वाढावं. पाहुण्याच्या पानात मीठ नाही असं या घरात कधी झालंय?"

पाणी उडते आणि मीठ उरते, हे मी तिला समजावले. तिने ते शांतपणे ऐकले, बरणीचे झाकण लावले आणि मग ती चिडली.

"एवढं सोपं होतं, तर मला सांगायला तुझं काय जात होतं? त्या साहेबांशी कोपऱ्यात हळू आवाजात बोलतोस, ती डबी उजेडात धरून बघतोस, तोंड पाडून बसतोस. घरात कोणाला काही सांगतोस का तू? मारलं असतं ना मी त्याला, तुझ्या मुखदुर्बळपणापायी!"

मी टाकीचे झाकण नीट बसवले आणि हात धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी सगळे सांगून टाकले.

"आईंना रागावू नका," ते म्हणाले. "माझ्या आईनं भातच घातला असता." मग, निराळ्या आवाजात, "वाचेल ना?"

"माहीत नाही," मी म्हणालो. त्यांच्याशी खरे बोलण्याची ती माझी पहिली वेळ होती आणि ते सुखाचे नव्हते.

एकदम साधे पाणी ओतले तर तो त्या धक्क्यानेच जाईल, म्हणून त्यांच्या सांगण्याप्रमाणे रोज थोडे थोडे पाणी बदलायचे ठरले. मी बँकेत जाण्यापूर्वी बादल्या भरी, आल्यावर बादल्या उपशी; मधल्या वेळात दोन बँकांच्या न जुळणाऱ्या खात्यांवर बसे. आईने मीठ वाढणे बंद केले. मात्र उपाशी पाहुण्यासमोर घास उतरत नाही म्हणून ती टाकीकडे पाठ करून जेवू लागली, आणि तिच्या त्या पाठीकडे पाहत जेवणे आम्हां दोघांना भाग पडले. काटा उतरत होता. मासा भोकात होता. भाद्रपद तसाच गेला. मी त्याला शिव्या देत असे, अर्थात मनात. सगळी टाकी तुझ्यासाठी उपसतो आहे आणि तुला एकदा काचेपर्यंत येण्याचे कष्ट नकोत!

नवरात्रात एका सकाळी आईने हाक मारली. काचेवरच्या शेवाळात, अगदी खालच्या कोपऱ्यात, ओठांचा एक वाटोळा ठसा होता. दुपारपर्यंत आणखी उमटले. "खाऊन राहिला आहे, मम्मीजी, खाऊन राहिला आहे!" पत्नी आईला एरवी मम्मीजी म्हणत नाही, शाळेतल्या बायकांचे हिंदी तोंडात आले की समजावे, ती आनंदात आहे.

दिवाळीपूर्वी व्यवस्थापक आले. नव्या गावी त्यांना घर मिळाले होते, टाकीही तयार होती. ते काचेसमोर उकिडवे बसले. मासा खडकावर बसला होता. त्याने त्यांच्याकडे नेहमीच्याच तुच्छतेने पाहिले. त्यांचे डोळे भरून आल्याचे मला दिसले आणि मी नजर वळवली. तेवढ्यात ते म्हणाले, "बारीक झालाय हो."

महिनोन्‌महिने उपसलेल्या बादल्या मला आठवल्या. मी काही म्हणणार इतक्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्याकडे तरी काय मोठं पंचपक्वान्न होतं त्याला?"

जाळीने तो सापडेना. दोघे प्रौढ बँक अधिकारी दंडापर्यंत ओले होऊन दुपारभर त्याच्या मागे होतो. शेवटी खडकच उचलला. हा प्राणी इतका हट्टी की पाण्याबाहेर आला तरी त्याने भोक सोडले नाही. खडकासकट त्याला झाकणाच्या बादलीत ठेवले, हवेचा लहान पंप लावला, आणि मालक व मासा असे दोघे रात्रीच्या गाडीने रवाना झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "पोचलो. टाकीत सोडला. पण खडकातून बाहेर येत नाही."

"दिवा बंद करा," मी म्हणालो. "समोर उभे राहू नका. काचेवर टकटक करू नका. आणि खाल्लं की लगेच कळवा." इतकी आज्ञार्थी वाक्ये मी सबंध नोकरीत कोणाला ऐकवली नव्हती. पलीकडून "बरं, साहेब" असे आले.

पाने वाढून तयार होती. आईने विचारले, "जेवला का तो?"

"अजून नाही."

"मग थांबा जरा."

"आई," पत्नी म्हणाली, "तो आता पाहुणा नाही, त्याच्या घरी पोचला. मला मुलांच्या कॉपियाँ तपासायच्या आहेत."

"पोचला, पण जेवला नाही ना?" आईने वरणावर झाकण ठेवले.

आम्ही तिघेही ताटांवर बसून राहिलो. पत्नीने तेथेच वह्या काढल्या. मी घड्याळाकडे पाहत होतो. फोन वाजला तेव्हा वरण गार झाले होते.

"जेवला," ते म्हणाले.

मी आईकडे पाहून मान हलवली. तिने झाकण काढले.