मावशीचं आजारपण

नवी सिस्टर वॉर्डात पाऊल टाकायची तेव्हा निम्मे पेशंट झोपेत असायचे आणि उरलेले झोपेचं सोंग घ्यायचे. कारण तिच्या हातात सुई असायची. स्वभावाने गोड, बोलणं मऊ, पण शीर काही तिला सापडायची नाही. "सॉरी हं आजोबा, अजून एकदा," असं म्हणत ती पुन्हा टोचायची. पेशंटनी तिचं नावच 'अजून एकदा' पाडलं होतं. खिडकीजवळचे निवृत्त ड्रायव्हर तर तिला बघताच डोक्यावरून चादर ओढून घ्यायचे.

नर्सिंगच्या परीक्षेत ती वरच्या नंबराने पास झाली होती, पण त्या कागदाचा इथे काही उपयोग नव्हता. रोज कुणाचा तरी हात काळानिळा करून घरी जायचं, ताट तसंच बाजूला सारायचं. शेवटी तिने ठरवलं की पुरे झालं. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला जायचं. पुस्तकाला शीर नसते, ते कण्हत नाही, आणि टोचलं म्हणून कुणी ओरडत नाही.

प्रवेशाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. आता रजा हवी होती, आणि रजा इन्चार्ज सिस्टरच्या हातात होती. या बाईंसमोर मोठमोठे सर्जनसुद्धा आवाज खाली ठेवून बोलायचे. खरं सांगायची हिंमत होईना, म्हणून पोरीने ठोकून दिलं, "सिस्टर, माझी मावशी फार आजारी आहे. उद्या तिच्याजवळ थांबायला हवं."

"अरेरे," इन्चार्ज म्हणाल्या. "मग आज दुपारीच घेऊन ये तिला. मी बघते."

झाली का पंचाईत. मावशी ठणठणीत होती. बायकांचे कपडे शिवायची, दिवसभर मशीनवर बसून गिऱ्हाइकांशी वाद घालायची. पण भाचीसाठी ती काहीही करायला तयार होती, आणि नाटकाची तिला हौसही दांडगी. भाचीने बजावलं होतं, "फक्त चक्कर येते म्हण. बाकी तोंड उघडू नकोस." दुपारी मावशी भाचीच्या खांद्यावर रेलून वॉर्डात शिरली आणि खुर्चीत बसेपर्यंत तिने चक्करीला पाठदुखी, कानातली शिट्टी आणि एक दाढ जोडून टाकली.

"चक्कर कोणत्या बाजूला येते?" इन्चार्जनी विचारलं.

"दोन्ही बाजूंना. आळीपाळीने."

इन्चार्जच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "मग रक्त तपासायलाच हवं. काढ गं तू."

भाचीचा चेहरा पांढरा पडला. मावशीच्या गुबगुबीत हातात शीर शोधायची म्हणजे गादीत पडलेली टाचणी शोधण्यासारखी गत. आणि आयुष्यभर सुईशी खेळलेली मावशी दुसऱ्याच्या हातातली सुई बघून पार गळाली.

"मला काही झालेलं नाही हो," ती म्हणाली. "हिची उद्या मुलाखत आहे. हिला हे काम सोडायचंय."

"माहीत आहे. काल कपडे बदलायच्या खोलीत मोठमोठ्याने उत्तरं पाठ करत होती. सगळ्या वॉर्डाला पाठ झालीत." मग त्या भाचीकडे वळल्या. "रजा दिली तुला. खुशाल जा. पण येत नाही म्हणून जाऊ नकोस. येतं, तरी नको वाटतं, म्हणून जा. आणि मावशी, या वयात एकदा तपासलेलं बरंच असतं. हात द्या."

भाचीने मावशीच्या दंडाला पट्टा बांधला. तोंडातून सवयीने 'सॉरी' निघणार, तोच इन्चार्जनी दटावलं, "माफी नंतर माग. आधी बोटाने शोध. डोळ्यांनी काय बघतेस, दिसणार आहे का काही?"

तिने बोट टेकवलं. नुसतं मऊ लागत होतं. थोडं बाजूला सरकवलं, आणि तिथे बोटाखाली काहीतरी दबलं आणि पुन्हा वर आलं. ती थांबली. मग सुई घातली. सिरिंजमध्ये गडद लाल रक्त चढायला लागलं.

मावशीने डोळे मिटून विचारलं, "कधी टोचणार आहेस?"

खिडकीजवळची चादर हळूच खाली आली. ड्रायव्हर म्हणाले, "झालं? एकदाच?"

मावशी दंड चोळत उठली. आता सोंगाची गरज नव्हती, तरी थोडी लंगडलीच. "चल, उद्याची तयारी करायचीय ना तुला?"

भाची तिथेच उभी राहिली. मुठीत रक्ताची नळी होती, अजून कोमट. तिला एकदम रडू आलं आणि ते कशाचं आहे तेही कळेना. रजा मिळाली होती, मुलाखत होती, अडवणारं कुणी नव्हतं. सकाळपर्यंत काम सोडायला तिच्याकडे एक भक्कम कारण होतं: शीर सापडत नाही. ते आता गेलं होतं. उरली होती फक्त तिची स्वतःची मर्जी, आणि तिला त्या मर्जीचीच भीती वाटायला लागली.