तोंड न लागणारा धोटा

गुणाजी कासारे मास्तरांना एका जागी बसवत नसे. वर्गात फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझारा, घोडपदेवच्या चाळीत गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. शेजारची गंगुबाई म्हणायची, "मास्तरांच्या पायाला भिंगरी हाय." त्या वर्षी तर भिंगरी थांबायचं नाव घेत नव्हती. मास्तरांच्या तंत्रशाळेतल्या मुलांनी बनवलेला धोटा लालबागच्या एका गिरणीने साच्यावर, म्हणजे मागावर, चालवून बघायचं कबूल केलं होतं.

धोटा म्हणजे साच्यावर आडवा धागा घेऊन धावणारी लाकडी होडी. आतली सुताची कांडी संपली की विणकराने नवी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि धागा ओढून काढायचा. दिवसभर तेच. धाग्याबरोबर धूळ छातीत जायची आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागायचा. मुलांच्या धोट्याला भोकाऐवजी खाच होती. धागा बोटाने अडकवला की झालं. मुलांचा म्होरक्या जयवंत मॅनेजरसाहेबांना क्षयरोगावर भाषण ठोकून आला होता.

या धोट्यामागचं खरं कारण मास्तरांनी त्यालाही सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील लवू याच गिरणीत उभा जन्म सूतखात्यात राबले. कापड विणायच्या खात्यात पगार बरा, पण तिथे महारांना मज्जाव. का, तर धोटा तोंडाला लागतो! त्यांनी कातलेलं सूत चालत होतं, ओठ तेवढे चालत नव्हते. आता घरात बुद्धाची तसबीर आली होती, रस्त्यावर सगळे एका सुरात संयुक्त महाराष्ट्र मागत होते, आणि ते खातं होतं तिथेच होतं.

चाचणीला दत्ताराम परबचा साचा मिळाला तेव्हा मास्तरांना बरं वाटलं. दत्ताराम मोर्च्यातला सोबती. दोघांनी खांद्याला खांदा लावून घसे बसवले होते. पहिलीच कांडी बदलताना दत्तारामने सवयीने धोटा ओठांकडे नेला. मुलं ओरडली.

"मेल्या तोंडाक सवय लागलीहा, काय करतलंय?" तो हसला. पुढच्या कांडीला पुन्हा तेच, पुन्हा हशा.

मग खाचेत सुताचं तूस अडकलं. धागा बसेना. साहेब घड्याळ बघू लागले. मास्तरांनी धोटा हिसकावला, ओठांना लावला, तूस ओढून थुंकलं आणि धागा बसवून दिला. आजूबाजूच्या साच्यांवरच्या माना वळल्या. कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं.

दत्तारामने धोटा घेतला. पुसला नाही, कपाळाला आठीही घातली नाही. पुढची कांडी आली, धागा बोटाने. त्यापुढचीही बोटाने. कोणाला तोंड लावावं लागू नये म्हणून वर्षभर डोकं फोडून घेतलेले मास्तर आता उभ्या उभ्या मनात विनवत होते, एकदा चूक रे दत्ताराम, एकदा तरी विसर. पण दत्ताराम एकदाही विसरला नाही.

"पास!" साहेब म्हणाले आणि असे आणखी धोटे करून आणायला सांगितले. मुलांनी मास्तरांना उचलायचंच बाकी ठेवलं. दत्ताराम घाम पुसत जवळ आला.

"मास्तरानू, सांजेक सभेक येतलास मां?"

आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. मास्तर येतो म्हणाले. विचारावंसं वाटत होतं, पण विचारणार काय? माणूस सांगितल्याप्रमाणेच तर वागला होता. राग आला, तो कोणावर काढावा हेही कळेना.

ते सभेला गेले नाहीत. घरी लवूबाबा वाट बघत होते.

"चालला धोटा?"

"चालला, बाबा."

"तोंड लावाया लागत नाय?"

"नाय."

म्हातारा हरखेल असं मास्तरांना वाटलं होतं. तो नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मग रे," तो म्हणाला, "आता सबब काय सांगतील?"