मंदाकिनीबाईंचं ‘असेल’

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातला मंदाकिनीबाईंचा इंग्रजीचा क्लास म्हणजे परदेशाची पहिली पायरी. इथली पोरं उडतात ती थेट कॅनडाला. व्याकरणात बाई कुणाची गय करत नाहीत, आणि त्यातून ‘मस्ट’, ‘मे’, ‘माइट’चा धडा असला की त्यांच्या अंगातच येतं.

“मराठीत आपण सगळं एका ‘असेल’वर भागवतो,” त्या सांगत होत्या, “आणि तुम्ही बडोद्याची मंडळी तर गुजरातीत ‘हशे’ म्हणून हात झटकता! इंग्रजीत तसं चालत नाही. खात्री किती, ते आधी ठरवावं लागतं. हाताशी पुरावा असला तर मस्ट. नुसती शक्यता असली तर मे. तीही पातळ असली तर माइट.”

तोंड फळ्याकडे होतं, पण जीव गॅलरीत. बाईंचे यजमान लक्ष्मणराव कोथिंबीर आणायला नाक्यावर गेले होते, ते अजून परतले नव्हते. फोन घरीच चार्जिंगला. नाका तो केवढासा! कोथिंबीर पेरून, उगवून आणताहेत की काय हा माणूस? बाई तिसऱ्यांदा गॅलरीत डोकावून आल्या.

“मिताली, वाक्य कर. दार बंद आहे, आत दिवा लागलेला आहे.”

“मे बी समबडी मस्ट बी इनसाइड, टीचर.”

“मे बी आणि मस्ट बी, दोन्ही? एका म्यानात दोन तलवारी! काय ते एक ठरव.”

“पण टीचर, खरेखर खबर नथी! आत जाऊन पाहिल्याशिवाय कसं सांगू?”

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. गेल्या महिन्यात लक्ष्मणराव पलीकडच्या अकोटा भागात भलत्याच सोसायटीत आपलं घर शोधत फिरत होते, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, उन्हामुळे असेल. सख्ख्या भाचीचं नाव आठवेना, तेव्हा म्हणाल्या, झोप झाली नसेल. डॉक्टरांची वेळ घेतली नि मोडली. जगाला खात्रीचं माप शिकवणारी ही बाई घरात मात्र ‘असेल’चं पांघरूण ओढून बसली होती. भीती वाटत होती तिला, दुसरं काय!

“जा आता. उरलेलं उद्या,” म्हणत त्यांनी खडू टाकला आणि पायात चपला सरकवून जिना उतरल्या. काळजी वाटून मितालीही मागोमाग आली.

लांब जावंच लागलं नाही. फाटकाबाहेर लक्ष्मणराव उभे होते. शर्ट घामाने भिजलेला, हातात कोमेजलेली जुडी. बाईंच्या जिवात जीव आला आणि लगेच तोंड सुटलं.

“अहो, होतात कुठे? जीव टांगणीला लावलात माझा!”

लक्ष्मणराव दचकले. लग्नापासून बायकोला ‘अगं’शिवाय हाक न मारणारा तो माणूस अदबीने दोन पावलं मागे सरला.

“माफ करा, मॅडम. तुम्ही क्लासला आला होतात का? आमची मंदाकिनी आत असेल. जरा बोलावता तिला?”

मितालीने घाईघाईने तोंड फिरवलं. बाईंना रडू आवरेना.

“आत नाही हो. मीच मंदाकिनी. ही काय, तुमच्यासमोर आहे.”

लक्ष्मणरावांनी त्यांच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं.

“हरकत नाही,” ते म्हणाले, “मी थांबतो. तिचा क्लास सुटायला वेळ लागतो.”