आगरी म्हणा, पण नीट म्हणा

कळव्यातली आमची इमारत आवडाबाईंच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर उभी आहे. आवडाबाईंचं वय सदुसष्ट. लग्नाआधी त्या बापाबरोबर मिठागरात राबल्या. जमिनीच्या बदल्यात बी विंगमध्ये मिळालेल्या फ्लॅटमध्ये मुलगा देवेश, सून आणि नात समृद्धी यांच्यासोबत राहतात.

मार्चमध्ये सोसायटीची मीटिंग होती. ए विंगला तासभर पाणी आणि आम्हाला वीस मिनिटं, असं का, हे आवडाबाईंनी विचारलं. आवाज मोठाच आहे त्यांचा. सेक्रेटरी प्रभाकर चष्मा पुसत म्हणाले, "हळू बोला हो. हा आगरीपणा इथे नको."

लोक हसले. मीही हसले, आज त्याची लाज वाटते. आवडाबाई उठून निघून गेल्या.

देवेशने लेखी तक्रार केली. तिसऱ्या दिवशी लिफ्टजवळ नोटीस लागली: 'सोसायटीच्या आवारात "आगरी" हा आक्षेपार्ह शब्द कोणीही वापरू नये.' आम्हाला वाटलं, मिटलं.

आवडाबाईंनी समृद्धीकडून ती वाचून घेतली, टरकन फाडली आणि तडक ऑफिसात शिरल्या. मी पार्किंगचा अर्ज द्यायला तिथेच उभी होते.

"आक्षेपार्ह म्हंजे काय?"

"म्हणजे वाईट शब्द. अहो, तुमच्याच बाजूने लिहिलंय," प्रभाकर म्हणाले. "हवं तर 'भूमिपुत्र' म्हणू."

"माजे बापाची जात हाय ती! तिला वाईट बोलताव? शब्दान घान नाय, तुमचे बोलन्यान हाय. आगरीच बोला, पन नीट बोला!"

"मग आता मी काय करू?"

"त्या दिशी बोल्लाव ता वहीन लिवा. तुमचे नावानशी."

प्रभाकर टाळत राहिले. आवडाबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. दुपारचं जेवणसुद्धा सुनेने तिथेच आणून दिलं. शेवटी चार वाजता प्रभाकरनी इतिवृत्ताच्या वहीत ते वाक्य लिहिलं.

पुढच्या मीटिंगला ते इतिवृत्त वाचताना प्रभाकरनी नेमकं तेवढंच गाळलं.

"एक ओळ राहिली," मी उभी राहून म्हणाले.

त्यांनी ती वाचली, नावासकट. नोटीस पुन्हा लागली नाही. माफी मात्र त्यांनी आजतागायत मागितलेली नाही. आवडाबाईंचा रागही गेलेला नाही, आणि तो का जावा?