प्रल्हादभाऊंचे हंड्रेड पर्सेंट

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो! सेलूच्या बसस्टँडसमोर एसटीडी बूथ टाकून बसा, ते आपल्या पायांनी आत येतात. मोबाइल यायच्या आधी मी तेच केलं. आमच्या ओळीतल्या दुकानदारांचं इंग्रजी आकड्यांपुरतंच, आणि ते आकडेही नुसते बोलायचे!

* * *

रमेश टेलर फोनच्या केबिनमध्ये शिरताना म्हणायचा, "वन मिनिट!" एकदा मागच्या माणसानं काच वाजवली.

"अरे, वन मिनिट म्हटलं ना!"

"त्या मिनिटात माही वर्ध्याची गाडी गेली अन् दुसरी येऊन राह्यली!"

* * *

चहावाल्या शांताकाकूंच्या पोराचं स्थळ आर्वीला गेलेलं. मध्यस्थ फोनवर म्हणाला, "फिफ्टी-फिफ्टी समजा."

काकू भडकल्या. "अर्धं 'हो' कोण म्हणून राह्यलं? पोट्टी का तिचा बाप?"

* * *

पण या सगळ्यांचे गुरू प्रल्हादभाऊ. पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचे. केळझरचा एक शेतकरी रोज यायचा. वांगी सुकत होती, बिचाऱ्याचा जीव टांगणीला.

"उद्या हंड्रेड पर्सेंट!" भाऊ म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी तो दुकानासमोर बसूनच राहिला. "कालचे शंभर, परवाचे शंभर, दोनशे टक्के झाले. मोटर कुठी हाय?"

मी भाऊंना विचारलं, "काऊन खोटं बोलता?"

"नाई म्हटलं तर माणूस तोंड पाडून जाते रे. हंड्रेड पर्सेंट म्हटलं का हासत जाते!"

* * *

आणि मग ती दुपार. भाऊ माल आणायला हिंगणघाटला गेलेले, इकडे त्यांच्या मुलीच्या, वैशालीच्या पोटात अचानक असह्य दुखू लागलं. तिची आई आणि प्रल्हादभाऊंचा मुलगा तिला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात धावले. प्रल्हादभाऊ परतले तेव्हा तिला ऑपरेशनला आत नेलं होतं. ते माझ्या बूथवर फोनची वाट पाहत बसले. सगळी ओळ दारात उभी.

घंटी वाजली. मुलानं फोन डॉक्टरांना दिला. त्यांचा आवाज खणखणीत, आम्हालाही ऐकू येत होता.

"ऑपरेशन झालं. काळजी करू नका. हंड्रेड पर्सेंट बरी होईल."

भाऊंचा चेहरा पांढरा पडला.

"साहेब," ते हात जोडून फोनलाच म्हणाले, "हे मी रोज गिऱ्हाइकाले सांगतो. तुमी मले खरं सांगा."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"सेव्हन्टी," डॉक्टर हळू म्हणाले. "आजची रात्र जाऊ द्या."

भाऊंनी फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सेव्हन्टी म्हणला!" ते आम्हा सगळ्यांकडे पाहून ओरडले. "वाचली माही पोट्टी!"